दादांनी सांगितलेली कादंबरी

मागच्या महिन्यात माझं वाचन किती झालं याचा हिशेब करायला बसले तर लाज वाटावी इतकंच निघतं. गोष्टींचं एक पातळ पुस्तक, तेही अर्धं. आणि ऐकायला घेतलेली एक लांबलचक कादंबरी, ती नेमकी किती ऐकली ते मलाच सांगता येत नाही.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे. महिना स्कॉलरशिपच्या अर्जांचा होता. कुणाचा उत्पन्नाचा दाखला जुना, तर कुणाच्या आधारवरचं नाव वेगळं. दिवसभर स्क्रीनकडं बघून घरी गेलं की छापील अक्षर नकोसं व्हायचं. त्यातच लातूरला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा तसाही कामातून गेलेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन-तीन आठवडे जमेल तेवढं पालथं झोपायचं, मान खाली ठेवायची, आणि महिनाभर वाचन बंद.

दादांना वाचन बंद म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. पेपर ते शेवटच्या पानावरच्या निविदांपर्यंत वाचतात. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून वाचणारा माणूस. म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर पुस्तकं ऐकायचं ॲप टाकून दिलं, आणि माझ्याही. दोघांसाठी एकच कादंबरी निवडली. नदीकाठच्या गावातली एक विधवा बाई नवऱ्यामागं पिठाची गिरणी चालवते, तिची गोष्ट.

"तुम्ही इथं ऐका, मी तिकडं ऐकते," मी म्हणाले. "दुपारी फोनवर बोलू."

"हाव," ते गादीत तोंड खुपसूनच म्हणाले.

दर शनिवारी ऑफिस सुटलं की मी लातूरची एसटी धरायची. कानात इअरफोन घालायचे, कंधार फाट्यापर्यंत गिरणीवाली बाई पट्टा बदलायची, दळण घ्यायची, दिराशी भांडायची. मग माझी मान खिडकीवर पडायची. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरच्या आवाजानं जाग यायची तेव्हा कानात भलतंच काही चाललेलं असायचं. कुणाचं तरी लग्न. कुणीतरी रडतंय. कोण, का, पत्ता नाही. मागं जाऊन शोधायचा कंटाळा यायचा. रोज सकाळी ऑफिसच्या वाटेवर ऑटोतही तेच. वाचणारा माझ्या झोपेतून निवांत पुढं निघून जायचा.

पण दादा होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मी त्यांना फोन लावायची.

"दादा, मला झोप लागली हो. पुढं काय झालं?"

ते सांगायचे. दीर आधी वाईट वागत होता, पण गिरणीचा दगड फुटला तेव्हा तोच बैलगाडी घेऊन नवा दगड आणायला गेला. वाटेत त्याला ताप भरला. बाईनं त्याला घरी आणून भाकरी कुस्करून दुधात भरवली. दादा सांगायचे ते अगदी बारकाव्यानं. बैलाचा रंगसुद्धा. मी डबा संपवायची आणि परत अर्जांकडं वळायची. त्या पंधरा मिनिटांत जरा बरं वाटायचं. हळूहळू मी मागं जाऊन ऐकणं सोडूनच दिलं. दादा ऐकतात ना, पुरे.

तिसऱ्या शनिवारी गाडीला तुडुंब गर्दी होती. लोह्यापर्यंत उभी राहिले, त्यामुळं झोपायची सोयच नव्हती. म्हणून नीट ऐकलं. कादंबरीत दीर मरून तीन वर्षं झाली होती. बाईनं गिरणी कधीच विकली होती आणि ती मुलीकडं शहरात राहायला गेली होती. मला आधी वाटलं, आपणच घोळ केला, दुसरंच पुस्तक लागलं. बघितलं तर तेच होतं.

घरी पोचले तेव्हा दादा झोपले होते. उशीजवळचा त्यांचा मोबाइल उघडून पाहिला. कादंबरी दुसऱ्या भागात, बाराव्या मिनिटाला थांबलेली.

स्वयंपाकघरात वहिनी चहा ठेवत होत्या. त्यांना विचारलं.

"ते तर पहिल्याच आठवड्यात बंद केलं त्यांनी, ताई," वहिनी म्हणाल्या. "कानात कुणीतरी सारखं बोलून राहिलंय, डोकं उठतंय म्हणाले."

"मग मला रोज काय सांगत होते?"

वहिनींनी खांदे उडवले. "मला वाटलं, तुम्ही दोघं बापलेक आपलं काहीतरी बोलताय."

मला राग आला. खरंच आला. तीन आठवडे थकून भागून मी ज्या गोष्टीवर विसंबले होते ती गोष्टच नव्हती. दादा उठल्यावर चहा देता देता मी सरळ विचारलं.

ते बशीत चहा ओतत राहिले. मान खाली. ती तशीही खालीच ठेवायची होती.

"तू रोज इचारून राहिली व्हतीस," ते म्हणाले. "आवाज लई थकलेला यायचा तुझा. ऐकलंच न्हाई म्हणून काय सांगू?"

"पण दादा, खोटं कशाला?"

"तो वाचणारा थांबत न्हाई, माय. एखादं वाक्य आवडलं तर मागं जाऊन परत बघावं वाटतं. पान उलटता येत न्हाई. मग म्हटलं जाऊ दे. पडल्या पडल्या माझंच डोकं चालायचं. दुपारी तुझा फोन येणार म्हणून सकाळी जुळवून ठेवायचो."

किनवटकडच्या निवासी शाळेत दादा बावीस वर्षं मास्तर होते. जंगलातल्या गावांतून आलेल्या मुलांना पुस्तकातली मराठी कळायची नाही, तेव्हा ते पुस्तक मिटून धडा आपल्या शब्दांत सांगायचे, वाढवायचे, बदलायचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही. मी ऐकत होते, पण दादांच्या आवाजाकडं माझं लक्ष नव्हतं. त्यांचे दिवसाचे अठरा तास पालथे पडून जात होते आणि मी एकदाही विचारलं नाही की दादा, आज कसं वाटतंय.

राग ओसरला तेव्हा फक्त थकवा उरला. रविवारी सकाळी मी माझं गोष्टींचं पुस्तक काढलं आणि त्यांच्या बाजूला चटईवर बसून मोठ्यानं वाचायला लागले. एक गोष्ट झाली. दुसरीच्या मध्यावर माझीच जीभ अडखळायला लागली, तीच ओळ मी दोनदा वाचली.

"थांब," दादा म्हणाले. "पड जरा."

मी तिथंच आडवी झाले. दुपारी वहिनींनी जेवायला उठवलं तेव्हा दादांनी चाचपत माझ्या अंगावर त्यांची चादर टाकलेली होती.

महिन्याच्या शेवटी तपासणी झाली. पडदा बसलाय, पण सरळ रेघ त्यांना वाकडी दिसते, ती तशीच राहील, असं डॉक्टर म्हणाले. आता ते भिंग घेऊन पेपरचे मथळे वाचतात, दिवसाला एखादा कॉलम. दुपारचा फोन चालू आहे. त्यात गोष्ट नसते. डोळ्यात औषध घातलं का, जेवलीस का, एवढंच. ती कादंबरी माझ्या मोबाइलमध्ये अर्धवट पडून आहे, आणि या महिन्यात मी अजून काहीच वाचायला घेतलेलं नाही.