चौथ्या भागाचे दोन तुकडे

अंतराळयुद्धाच्या त्या मालिकेचा चौथा भाग हातात आला आणि मी तो सवयीने कटरने मधोमध कापला. पुस्तकांचे असे खून आमच्या घरात पूर्वीपासून होत आलेत. पहिला तुकडा आधी दादाचा. त्याचा वाचून झाला की तो माझ्याकडे आणि मागचा त्याच्याकडे. अख्खं पुस्तक संपेपर्यंत वाट बघण्याएवढा दम आम्हा बहीणभावांत नव्हता.

पहिला तुकडा मी फ्रिजवर, त्याच्यासाठी ठेवलासुद्धा. मग आठवलं, दादाला मस्कतला जाऊन सहा वर्षं झाली. स्वतःचाच राग आला.

शेवटी दोन्ही तुकडे मीच वाचले. पुस्तक बेताचंच निघालं. तीच सेना, तीच भाषणं, आणि शंभर पानं चाललेली लढाई, जिच्यात कुणी मरेल अशी भीतीच वाटत नाही. दादा वालीवच्या कारखान्यात लेथवर होता तेव्हा असल्या पुस्तकांची सालटी काढायचा. "इंजिनाचा शाफ्ट वाकला आणि हे दहा मिनिटांत नवीन बसवतात? यांना आमच्या शेठकडे पाठव." मी मुद्दाम लेखकाची बाजू घ्यायचे. ताटातलं गार व्हायचं आणि आई दोघांनाही झापायची. चांगल्या पुस्तकांवर आम्ही कधी एवढं बोललोच नाही.

हल्ली शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, फोन येतो. आईच्या गोळ्या संपल्या का, पाणी येतं का, एवढं विचारून संपतो. मला त्याच्याशी मनसोक्त भांडायचं असतं आणि विषयच सापडत नाही.

या शुक्रवारी तोच म्हणाला, "अगं, चौथा भाग वाचला, मोबाईलवर. तू वाचलास?"

माझ्याशिवाय वाचला, हे लागलं. तरी म्हणाले, "नाही रे, मिळालाच नाही अजून. काय आहे त्यात?"

"काय सांगू तुला," म्हणाला, आणि सुरू झाला. दोन लढायांची त्याने एक केली. शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या कप्तान बाईला मध्येच मारून टाकलं. एरवी एवढी चूक मी खपवून घेतली नसती. पण तो तावातावाने बोलत होता, मागून कुणीतरी जेवायला हाक मारली तरी थांबत नव्हता. कप्तान मेली तर मेली. मी फोन कानाशी घट्ट धरून नुसतं "मग?" म्हणत राहिले.