अण्णाला न सापडलेला खुनी

माझा भाऊ वरुणराव म्हणजे तंजावुरातला सगळ्यात आगाऊ पुस्तकवाला. हे मी म्हणू शकते, मी त्याची सख्खी बहीण आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं तर बघा! दक्षिण राजवीथीवर त्याचं दुकान. पुढे शाळेची पुस्तकं, मागे भाड्यानं द्यायच्या तमिळ रहस्यकथा, महिन्याच्या महिन्याला मद्रासहून येणाऱ्या, मुखपृष्ठावर हमखास सुरा नाहीतर किंचाळणारी बाई. अण्णाची खोड अशी की वीस पानं वाचायची आणि भर दुकानात खुनी कोण ते सांगून टाकायचं. गिऱ्हाईक कळवळायचं, "अय्यो वरुणराव, मी अजून वाचलं नाही!" हा म्हणायचा, "मग वाचून बघा. मी चुकलो तर कॉफी माझ्याकडून." आणि मेला चुकत नसे! त्याचा नियम ठरलेला होता: ज्याला गोष्टीत काही काम नाही आणि तरी जो दोनदा येऊन जातो, तोच खुनी.

पण मी सांगायला बसलेय ती माझ्या वैनीची गोष्ट. वाणीवैनी ओरत्तनाडूची. लग्न होऊन आली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात, आणि भाड्याची फाटकी पुस्तकं तिच्या पाठोपाठ आली. दाभणानं शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायची आणि खळ वाळेपर्यंत वाचत बसायची. अशी तिची किती पुस्तकं वाचून झाली असतील देव जाणे. कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं. रोज दुपारी डबा घेऊन दुकानात जायची, काउंटरवर ठेवायची, परत यायची, पुन्हा पाच वाजता रिकामा डबा न्यायला जायची. बस, एवढंच तिचं दुकान.

त्या साली गल्लोगल्ली केबल आली होती. शेजारच्या एसटीडी बूथसमोर रांग आणि आमच्या दुकानात चार म्हातारे. मी शिकवत होते त्या शाळेसाठी नकाशे घ्यायला गेले होते. अण्णा ऐटीत सांगत होता की नव्या कथेतला खुनी डॉक्टरच. वैनीनं डबा ठेवला आणि हळूच म्हणाली, "मला नाही तसं वाटत. त्याची बहीण असणार."

"ऐकलंत?" अण्णा हसत सुटला. "खळ लावून लावून आमच्या घरातसुद्धा डिटेक्टिव्ह तयार झाली! डबा ठेव आणि जा."

चारही म्हातारे खो खो हसले. दोन दिवसांनी कळलं, खुनी बहीणच होती. कबूल केल्याप्रमाणे अण्णानं कॉफी पाजली, पण ती त्या चार म्हाताऱ्यांना! वैनीला नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी घरी गेले ते वैनीचे डोळे पुसायच्या तयारीनं. ही बाई शांतपणे खळ ढवळत होती.

"विजया," ती म्हणाली, "मी एक पुस्तक लिहिणार. खून ह्यांच्याच दुकानात आणि मेलेला माणूस हेच. ह्यांनी खुनी ओळखला तर जन्मभर खळच लावीन, पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही ओळखला तर लिहीतच राहीन. मग कुणाला विचारायला जायची नाही."

"आणि मी काय करू?"

"तुझं अक्षर चांगलं आहे."

झालं! शाळा सुटली की मी पाट्यासमोर हजर. ती उडीद वाटत मराठीत बोलायची, मी तमिळमध्ये उतरवून घ्यायची. आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात, हसोत बापडे. पण त्या मराठीत वैनीनं जो काळोख उभा केला तो ऐकून माझं पेन अर्ध्या ओळीत थांबलं. दुकानदार दुपारी खुर्चीतच मरतो आणि ताठ बसून राहतो. गिऱ्हाइकं येतात, पुस्तकं निवडतात, त्याच्यासमोर पैसे ठेवून जातात. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही! "वैनी, तो माझा भाऊ आहे गं!" मी ओरडले. "माझा नवरा आहे," ती म्हणाली. "लिही पुढे."

राघवेंद्रन असं पुरुषाचं नाव लावून मी ते मद्रासला पाठवलं, कारण बाईचं नाव असतं तर अण्णानं पुस्तक उघडलंच नसतं. आणि एके दिवशी, खरं सांगते, पार्सल फोडताना अण्णाच्या हातात तेच पुस्तक! मी नकाशांच्या मागे लपल्यासारखी उभी.

"अरे, हे तर माझंच दुकान!" अण्णा किंचाळला. "तीच शिडी, तोच मोडका पंखा! आणि हे काय, मला पहिल्याच पानावर मारलंय!"

तंजावुरात बातमी लपते होय? वर्दळ सुरू झाली. कॉलेजची मुलं आली, बूथच्या रांगेतले लोक फोन सोडून आले. जो तो खुर्चीकडे बोट दाखवून विचारी, "इथेच का हो मेलात?" अण्णा खुशीत. वीस पानं वाचून त्यानं जाहीर केलं, "खुनी तहसीलदार!" त्या चार म्हाताऱ्यांतले कृष्णमूर्ती खरोखरच निवृत्त तहसीलदार. ते खवळून उठले, "मी? दोनदा येतो म्हणून मी खुनी?" पुढच्या पन्नास पानांत त्या तहसीलदाराचाच काटा निघाला. मग अण्णानं नोकरावर बोट ठेवलं. नोकर त्या दिवशी गावातच नव्हता. मग पेपरवाला, मग विमा एजंट. अण्णाला घाम फुटला! एकेक नाव पडत होतं आणि इकडे मी बोटांवर मोजत होते, उरलेली माणसं कमी कमी होत होती. आता ओळखलं की वैनीचं संपलं.

"शरण?" कृष्णमूर्तींनी विचारलं.

"या लेखकाला लिहिता येत नाही," अण्णा गुरगुरला. "बिनकामाचा माणूसच ठेवला नाही यानं. वाच गं विजया, शेवटचं पान मोठ्यानं वाच."

दुकान खच्चून भरलेलं. मी पुस्तक हातात घेतलं आणि त्याच वेळी गर्दीतून वाट काढत वैनी आली. डबा ठेवला. नेहमीप्रमाणे कुणी वर पाहिलं नाही. मी वाचायला लागले.

"ती रोज एक वाजता डबा घेऊन यायची. पाच वाजता, मेलेल्या माणसासमोरचा रिकामा डबा तिनंच उचलून नेला आणि धुऊन टाकला. साऱ्या दुकानानं तिला पाहिलं होतं. इन्स्पेक्टरनं विचारलं, का मारलंस? ती म्हणाली, त्यांनी चार माणसांत मला सांगितलं, डबा ठेव आणि जा."

अण्णानं माझ्या हातातलं पुस्तक ओढलं, भराभर मागची पानं उलटली. सातव्या पानावर डबा. तेविसाव्यावर डबा. सगळीकडे डबा! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मग त्यानं मान वर करून वैनीकडे पाहिलं, आणि बघतच राहिला.

"तू लिहिलंस?"

"हो," वैनी म्हणाली. नजर खाली गेली नाही.

"इतका राग आला होता?"

"खून करण्याएवढा."

कुणी हसलं नाही. कृष्णमूर्ती हळूच बाहेर गेले आणि समोरच्या हॉटेलातून कॉफीचा टंबलर घेऊन आले. म्हाताऱ्यानं तो वैनीच्या हातात दिला, जपून, दोन्ही हातांनी. "ही राहिली होती, अम्मा," ते म्हणाले. मला रडू फुटलं, मी नकाशांत तोंड लपवलं.

अण्णानं डबा उघडला. वरच्याच कप्प्यात डांगर, उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं. पुस्तकातलं विष त्यातच होतं. सगळी गर्दी डब्यात डोकावली. अण्णा उठला. त्या दुकानात काउंटरमागे एकच खुर्ची. त्याच्याखेरीज तिच्यावर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यानं ती उपरण्यानं झटकली आणि वैनीसमोर सरकवली.

"डबा ठेव," तो म्हणाला. घसा खाकरला. "आणि बस."

वैनी बसली. कॉफी बाजूला ठेवली, डांगराचे दोन वाटे केले आणि एक त्याच्यापुढे सरकवला.

"अर्धं अर्धं खाऊ," ती म्हणाली. "मला पुढचं पुस्तक लिहायचंय."