गाठीचा नवस

सोनोग्राफीच्या रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. गर्भाशयाच्या तोंडावर पाण्याच्या बारीक गाठी, आणि अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे आतलं अस्तर स्नायूतच शिरून गर्भाशय सुजलेलं. आमच्या घरात ऐकू आली ती फक्त गाठ. पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंनी लगेच नवस बोलून टाकला: गाठ साधी निघू दे, सुनेच्या हातून देवीची ओटी भरवीन.

डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला नीट समजावलं. बाळंतपण झालेल्या बायकांत या वयात दोन्ही एकत्र दिसतात, पण एकामुळे दुसरं झालं असं नाही. गाठी निरुपद्रवी, त्यांना हातही लावायचा नाही. दुखतं आणि इतकं अंगावरून जातं ते अ‍ॅडिनोमायोसिसमुळे, त्यावर उपचार करू. एवढं सगळं ऐकून नवऱ्याने परतीच्या वाटेवर मांबलम स्टेशनच्या पुलावरूनच घरी फोन लावला, "आई, काही नाहीये." मी शेजारी कठडा धरून उभी होते. काही नाहीये म्हणे!

उपचारांचा विषय काढला की मायलेकांचं एकच. साधंच आहे ना, मग हार्मोनच्या गोळ्या कशाला? अहो, साधी ती गाठ, दुखणं नाही! सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून मी ऑफिसचे कॉल घेत होते, आणि सासूबाई खण निवडत होत्या.

ओटीचा शुक्रवार ठरला. माझी पाळी चालू, म्हणजे देवळात जायचं नाही. आणलेला मोगरा फ्रिजमध्ये काळा पडला. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. खण-नारळ देवघरात तसेच पडून.

"अगं, अजून थांबलं नाही?" सासूबाई चिडून म्हणाल्या. "इतकं जातं का तुझं? हे काही बरं नाही बाई." मग मुलाकडे वळून, "अरे, तिला दाखव ना कुणाला तरी."

वर्षभर याच घरात मी पोट धरून बसत होते, रात्री चादरी धूत होते. मला रडूच आलं, आणि रागही.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली. देवी खोळंबली होती.