अंगठ्याने घासून

डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात मी छपाईच्या कामाला आहे. 'हॅपी बर्थडे' छापलेला फुगा वाळला की छानच दिसतो, पण तेवढ्यावर आम्ही माल सोडत नाही. त्यातला एखादा उचलायचा, पुन्हा फुगवायचा आणि अक्षरांवरून अंगठा घासायचा. शाई कच्ची असेल तर अंगठ्याला लागते. या सवयीने माझा स्वभावच बिघडलाय असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

लेक बारावी झाली. तिला डिझाइन आणि छपाई शिकायची होती. तलासरीचा माझा भाऊ एका खाजगी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन सरावलीला आमच्या घरी आला. म्हणाला, "ताई, नोकरीची गॅरंटी आहे. सीटा भरत आल्यात, उशीर नको करू."

गॅरंटी आणि घाई एकत्र आली की कुठेतरी पाणी मुरत असतं. "तुला यात काय मिळणार रे?" मी सरळ विचारलं. भाऊ अर्धा चहा टाकून निघून गेला. भाचीसाठी हौसेने आला होता बिचारा, पण तेव्हा मला तो दलालच वाटला.

लेक रडकुंडीला आली. "तू सगळ्यांवर संशय घेत बस. माझं वर्ष जाईल." मलाही तीच भीती होती. पण एकदा चुकीच्या जागी फी भरली की तिला दुसऱ्यांदा शिकवायची ताकद आमच्यात नव्हती.

मग आम्ही दोघी ते कॉलेज बघायला गेलो. काचेचं दार, एसी, गोड बोलणाऱ्या मॅडम. मी म्हटलं, छपाईचं मशीन दाखवा. दाखवलं. बंदच होतं, म्हणून मी रोलरवर अंगठा फिरवला. अंगठ्याला धूळ लागली. भिंतीवरची मुलांची पोस्टरं कुठे छापली विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "ती बाहेरून करून घेतो." मी लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले.

दुसरी जागा सरकारी, छपाईच्या डिप्लोमाची. फी ऐकून मी जिन्यातच थांबले. "एवढं स्वस्त म्हणजे नक्की काहीतरी गोम आहे." भिंतींचे पोपडे निघालेले, खिडकीतला कारकून मान वर करेना. आतून मात्र मशीनचा आवाज येत होता. काळ्या एप्रनमधली एक मुलगी कागद लावत होती. सवयीने माझा हात रोलरकडे गेला तशी ती ओरडली, "मावशी, हात! चालू आहे ना!"

मशीन थांबल्यावर मी तिला चांगलंच पिळून काढलं. सर रोज येतात का, मागच्या मुलांना कामं कुठे लागली? तिने सगळं सांगितलं. कॉम्प्युटर जुने आहेत, हॉस्टेल मिळायला वेळ लागतो, हेही सांगितलं. वाईटही सांगितलं म्हणून मी विश्वास ठेवला, तोही अर्धाच. पण लेकीची फी तिथेच भरली.

दिवाळीत लेक घरी आली. मामासाठी तिने स्वतः छापलेलं शुभेच्छापत्र आणलं होतं. "तूच नेऊन दे त्याला," म्हणाली. मी ते हातात घेतलं आणि माझा अंगठा आपोआप अक्षरांवर गेला. लगेच मला लाज वाटली, मी हात मागे घेतला.

लेकीने माझा अंगठा धरून परत कागदावर ठेवला.

"जोरात घास, आई."