नजरेनं वजन जोखणारी मनकर्णाबाई

आमच्या शहरातल्या बागेत आधी नुसत्या घसरगुंड्या आणि झोके होते. मग तळ्यात होड्या आल्या, झुकझुक गाडी आली, भूतबंगला आला. आकाशपाळणा आला आणि त्याच्यासोबत मनकर्णाबाई आल्या. त्यांचा नवरा सांडू जत्रांमधून हातानं ढकलायचा पाळणा लावायचा. तो वारला आणि बाई बागेतल्या मोटारीच्या पाळण्यावर कामाला लागल्या. वीस वर्षं झाली त्याला.

बटण कडूबा दाबतो. बाईंचं काम माणसं बसवायचं. रांगेवर नजर फिरली की त्यांना वजनं कळतात. "पैलवान, तुम्ही इकडं. ताई, तुम्ही समोरच्यात." एक पाळणा भरला की त्याच्या बरोबर समोरचा भरायचा, नाहीतर एका बाजूला भार पडतो नि मोटार धापा टाकते. यात कुटुंबांची फाटाफूट होते. लोक चिडतात. "नवरा-बायकोला येगळं बसवती म्हातारी!" असं कुणी म्हटलं की बाई म्हणतात, "खाली उतरल्यावर नांदा की एकत्र!"

गेल्या रविवारी मी लेकीला घेऊन गेले, तर बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. कठड्यापर्यंत जायच्या, परत यायच्या, पदराचं टोक पिळत राहायच्या. नवा मॅनेजर विश्वजीत यानं त्या दिवसापासून तिकिटावरच पाळण्याचा नंबर छापला होता. म्हणजे घरचे सगळे एकत्र, आणि वाद नको.

"नंबरानंच बसवायचं, मावशी. नाही जमलं तर उद्यापासून गेटवर बसा. सावली आहे तिथं."

"सावली कुणाला पायजे, साहेब?" म्हणाल्या, आणि तिकिटांवरचे नंबर बघू लागल्या.

पाचोडहून लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. नवरा-नवरी, करवल्या, मामा-काका. नंबर एक ते सहा, ओळीनं. समोरच्या सहात दोन कॉलेजच्या पोरी, बाकी रिकामं.

"साहेब, समोरचे भरू द्या जरा."

"रांग बघा केवढी झालीय!"

बाईंनी कडूबाकडं बघून मान डोलावली, त्यानं बटण दाबलं. भरलेली बाजू भसकन खाली आली, पण वर चढेना. मोटार कण्हली, पाळणे झटका खाऊन मागं सरकले. किंकाळ्या उठल्या.

"बंद कर, कडूबा!" बाई ओरडल्या.

मग बाईंनी सगळ्यात खालचा पाळणा रिकामा केला. त्यानंतर एक डावीकडचा खाली आणून, मग एक उजवीकडचा. कडूबाला हातानं खुणावत, तसूतसूनं.

"मावशी, आधी आमाला खाली घ्या ना!" करवली रडकुंडीला आली होती.

"तुला घेतलं तर नवरदेव वर जातोय! गप बस, बाळा."

सगळे उतरेपर्यंत पाऊण तास गेला. विश्वजीतचा चेहरा उतरला होता. मोबाइल काढून म्हणाला, "कोणत्या नंबरानंतर कोणता, सांगा मावशी. तिकिटाच्या मशीनमध्ये तसंच टाकतो."

"माणूस बघितल्याबिगर कसं सांगू?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग रांगेकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "नंबर बघू नका, मावशी सांगतील तिथं बसा."

हे आजच्यापुरतं की कायमचं, ते त्यानं सांगितलं नाही. बाईंनी दोनदा विचारायला तोंड उघडलं. पण रांग पुढं सरकली होती, आणि त्यांनी माझ्याकडं बघून समोरच्या पाळण्याकडं बोट केलं. लेकीला दुसऱ्याच बाजूला बसवलं.