सोमवार ते शुक्रवारची खोली

डब्लिनहून बसने ॲथलोनला उतरले तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि नोरीन स्टॉपवर छत्रीशिवाय उभी होती. नोरीन माझी घरमालकीण. साठीची, एकटी, बडबडी. पुण्याच्या कॉलेजातून एका सत्रासाठी मी इथल्या विद्यापीठात आले होते आणि तिच्याकडे मला ‘डिग्ज’ (घरमालकाच्या घरातली खोली) मिळाली होती. खोली छान होती. खिडकीतून शॅनन नदीचा चतकोर तुकडा दिसायचा. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (भिंतीतल्या कपाटात) तिने माझ्यासाठी मुद्दाम तिखट आणून ठेवलं होतं. तिखट कसलं, नुसता लाल रंग! पण मी खूश होते.

शुक्रवारी दुपारी घरी आले, तर पलंगावरची चादर धुवायला गेलेली आणि गादीवर माझी रिकामी बॅग, चेन उघडून ठेवलेली.

“तुझी बस कितीची?” नोरीनने विचारलं.

“कुठली बस?”

“घरी जायची.”

अहो बाई, माझं घर पुण्यात!

झालं होतं असं, की जाहिरातीत ‘सोमवार ते शुक्रवार’ स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. मला वाटलं, जेवण! आपल्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, यांची शनिवारपासून असेल. सुट्टी खोलीलाच असते, हे कुणाच्या डोक्यात येणार? इथली मुलं दर शुक्रवारी मळक्या कपड्यांची पिशवी उचलून आईकडे पळतात. डब्लिनला नोकरी करणारा नोरीनचा मुलगा केव्हिनही तशीच पिशवी घेऊन यायचा, आपल्या खोलीत. म्हणजे माझ्या.

दुसरी खोली शोधून शोधून पाय दुखले. मिळेल ती पाच दिवसांचीच. “होईल गं सगळं ग्रँड,” नोरीन म्हणायची. ग्रँड म्हणजे उत्तम, बरं, चालेल, आणि माझ्या मते ‘आता पुरे कर’.

शेवटी मावशीच्या नणंदेची मुलगी रश्मीताई डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहते, तिने आसरा दिला. दर शुक्रवारी दोन तास बस आणि मग तिच्या हॉलमधला सोफा. शनिवारी सकाळी तिची लेक कार्टून लावून सरळ माझ्या पायांवर बसायची. सांगलीहून आलेल्या तिच्या सासूबाई चहा देता देता विचारायच्या, “आलीस होय परत?” प्रेमानेच विचारायच्या, पण दर आठवड्याला! मला फक्त एक रविवार हवा होता, ज्या दिवशी मी कुणाच्याही घरी पाहुणी नसेन.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी ताप भरला. मी लाज सोडून म्हटलं, “नोरीन, आजच्या दिवस राहू दे ना.”

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. चेहरा खरंच उतरला तिचा. सूप दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, स्वतःचे लोकरीचे मोजे माझ्या पायांत चढवले. मग हळूच म्हणाली, “पाचला केव्हिन येतोय गं.” स्वतः गाडीने स्टॉपवर सोडलं आणि बस हलेपर्यंत भर पावसात हात हलवत उभी राहिली. आता हिच्याशी भांडावं तरी कसं? बोलायला तोंड उघडलं की ही त्यात खोकल्याची गोळी कोंबणार! बसमध्ये मी रागाने रडले. तापापेक्षा रागच जास्त होता. तिला काय काय सुनावायचं, याची तेव्हापासून मनात उजळणी सुरू झाली. निघायच्या दिवशीही तिने मिठी मारली आणि ते सगळं बोलणं मी तसंच बरोबर घेऊन निघाले.

डिसेंबरात पुण्याला पोचले. दार आईने उघडलं. तिच्या मागे एक अनोळखी मुलगी उभी होती. पायांत बूट, पाठीला सॅक.

“ही अपर्णा, नांदेडची,” आई म्हणाली. “इथे इंजिनिअरिंगला आहे. तू गेल्यावर खोली रिकामीच होती, म्हणून हिला ठेवून घेतलं. फार गुणी आहे. तू आलीस ना, म्हणून आता आठवडाभर मैत्रिणीकडे जातेय. डबा दिलाय मी तिला बरोबर.”

“कुठली मैत्रीण गं?” मी अपर्णाला विचारलं.

ती हसली. तिला पटकन नाव सुचलं नाही.

मी तिच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली आणि नोव्हेंबरपासून नोरीनसाठी तयार केलेलं भांडण तिथेच, दारात, आईशी सुरू केलं.