उताण्या झुरळाचा ड्रायव्हर

लग्न ठरवताना मला सांगितलं होतं की मुलगा कंपनीच्या गाडीवर आहे. ते खोटं नव्हतं. गाडी कंपनीचीच आहे. फक्त तिच्या टपावर अकरा फूट लांबीचं फायबरचं झुरळ उताणं पडलेलं आहे आणि त्याचे सहा पाय आभाळाकडे हलत असतात, एवढं सांगायचं राहून गेलं. लग्नानंतर आठ दिवसांनी ती गाडी दारात लागली तेव्हा मी कपाळाला हात लावला. तो अजून पुरता खाली आलेला नाही.

कंपनी झुरळं मारायची पावडर बनवते. आमचे हे चौदा वर्षं तिची जाहिरात करत गावोगाव फिरतात. टेम्पो तसा साधा आहे, पण वरच्या जनावराचे पाय वायपरच्या मोटरवर चालतात आणि कुणा शहाण्याने दोन्हींना एकच बटण दिलंय. त्यामुळे पाऊस आला की ह्यांना काच पुसायची असते आणि वरचं झुरळ तडफडायला लागतं. पुलाखालून जाताना उंचीचा अंदाज चुकला की एखादा पाय जातो. म्हणून एक जादा पाय कायम केबिनमध्ये असतो, माझ्या खांद्याला टेकून.

माझ्या खांद्याला, कारण मधली दोन वर्षं मीही त्या गाडीवर होते. पावडरीची माहिती सांगणारी मुलगी नोकरी सोडून गेली, दुसरी कुणी मिळेना. मुलीला माझ्या आईकडे ठेवून मी निघाले. म्हटलं, बघू तरी नवरा दिवसभर काय करतो ते.

नवरा दिवसभर हसतो. पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, बाजारात, पंक्चरच्या दुकानात, जिथे गाडी थांबेल तिथे एक माणूस पुढे येतो आणि म्हणतो, "पाय हलतायत अजून. म्हणजे तुमचं औषध चालत नाही वाटतं!" प्रत्येकाला वाटतं, हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. मी एका दिवसात चौदा मोजले. आणि चौदाही वेळा हे असे हसले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतायत.

"अहो, कंटाळा कसा येत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याचा तर पहिलाच ना," हे म्हणाले.

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? पालथ्या घड्यावर पाणी. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा सुपरवायझर फोनवर वाटेल ते बोलायचा. गाडी दहा मिनिटं का थांबली, बाजारात उशीर का झाला, तिसरा पाय वाकडा का दिसतो. हे म्हणायचे, "हो साहेब, बघतो साहेब." फोन ठेवला की शिवी नाही, सुस्कारा नाही. मीच खिडकीबाहेर बघत दोघांच्या वाटणीची चिडून घ्यायचे.

पण खरी पंचाईत व्हायची जेवणाची. हॉटेलसमोर झुरळ उभं करायला कोण देणार? गाडी वळायच्या आधीच वेटर हात हलवत धावत यायचा. "पुढे घ्या, पुढे घ्या, गिऱ्हाईक उठून जातंय." आणि हे त्यालाच म्हणायचे, माफ करा हं. चौदा वर्षं रस्त्यावर राहूनही ह्यांनी रस्त्यावरच्या एका हॉटेलात धड जेवण केलेलं नाही. पाव आणि केळी. मला ते बघवेना. मी पाठीमागे शेगडी ठेवली, दोन पातेली ठेवली आणि झाडाखाली भात-भाजी रांधायला लागले. वासाने एक लॉरीवाला आला, मग दुसरा. सिमेंटच्या टँकरवाल्याने तर जेवायला यायचा वारच ठरवून घेतला. तोच एकदा ताट पुसत म्हणाला, "वहिनी, हे रस्त्यावर कशाला करता? घरी खानावळ काढा ना."

त्याने सहज म्हटलं, माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. मला स्वतःचं काहीतरी हवं होतं हो. ज्याच्याकडे बघून कुणी विनोद करणार नाही असं काहीतरी. मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'वाहतूक' लिहायला लागली होती. तिला मी रागावले नाही, कारण विचारलं तर मीही तेच सांगायचे.

घराच्या पुढच्या खोलीत सहा टेबलं बसली. मागे मोरी नवी केली, ओट्याला फरशी लावली, धूर जायला पंखा बसवला. आता फक्त परवाना मिळायचा होता. आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं. कारण गाडी रात्री ड्रायव्हरच्या दारात लावायची असा कंपनीचा नियम. खानावळीच्या पाटीखाली अकरा फुटी झुरळ! नुसत्या विचाराने मी दोन महिने रात्री दचकून उठत होते.

तपासणीची तारीख आली. मंगळवार, सकाळी अकरा. मी ह्यांना बजावलं, "त्या दिवशी ते ध्यान गल्लीत दिसता कामा नये."

"मी तीस किलोमीटरवरच्या बाजारात असेन," हे म्हणाले. "तू निश्चिंत राहा."

तपासणीच्या मॅडम साडेदहालाच आल्या. चष्मा दोरीला बांधलेला, हातात टॉर्च. त्यांनी फ्रिज बघितला, टाकीचं झाकण उचललं, गॅसखाली वाकून बघितलं, मोरीच्या जाळीत बोट घातलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. माझा ऊर भरून आला होता. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "छान. आता पाण्याच्या तपासणीचा दाखला आणि घराचा करारनामा द्या."

मी कपाटाकडे वळले आणि ते उघडायच्या आधीच आठवलं, कागद तिथे नाहीत.

झालं होतं असं की आमच्याकडे दोनदा चोरी झाली. तेव्हापासून घरातले सगळे महत्त्वाचे कागद गाडीत असतात, सीटखाली, पत्र्याच्या डब्यात. ही ह्यांची अक्कल. "झुरळाला कोण हात लावतंय?" आणि खरंच, चौदा वर्षांत त्या गाडीचा आरसासुद्धा कुणी चोरलेला नाही. त्यामुळे मीही विश्वासाने तो दाखला आणल्या दिवशी डब्यात ठेवला होता. स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणाला नावं ठेवायलाही जागा नाही.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि फोन लावला. "अहो, कागद गाडीत आहेत."

पलीकडे बाजाराचा गलका. हे म्हणाले, "किती वेळ थांबतील त्या?"

मॅडमना पलीकडच्या रस्त्यावर एक बेकरी बघायची होती. तिथून बाराला परत येते म्हणाल्या. तोवर कागद आले तर ठीक, नाहीतर पुढची फेरी चार महिन्यांनी. गाडीवरून उतरल्यावर धरलेली पॅकिंगची नोकरी सोडून मी या सहा टेबलांवर बसले होते. चार महिने मी काय टेबलं पुसत बसणार होते?

"बारापर्यंत. पण गाडी इकडे आणू नका हं."

"कळतंय गं मला," हे म्हणाले.

बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना मॅडम परत येऊन टेबलाशी बसल्या. बारा वाजले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मी दाराकडे. बारा वाजून आठ मिनिटांनी त्या चष्मा पिशवीत टाकायला लागल्या, आणि तेवढ्यात हे दारात आले.

घामाने निथळत होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. गाडी तीन गल्ल्या पलीकडे, शाळेमागे लावून धावत आले होते. या वयात, या पोटानिशी. आणि अंगातला शर्ट उलटा होता. कंपनीच्या शर्टावर पाठीला झुरळ छापलेलं असतं, ते दिसू नये म्हणून ह्यांनी शर्ट उलटा करून घातला होता. शिवणी बाहेर, खिशाचं अस्तर बाहेर, कॉलरमागे लेबल लोंबतंय. ते मी ह्यांना सांगितलं नव्हतं. ते ह्यांचं ह्यांनाच सुचलं होतं.

मी ह्यांच्या हातातली कागदांची फाईल घेतली.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

खरं सांगते, विचार करून नाही बोलले. जीभच पुढे गेली. मी म्हटलं, "कुरियरवाले आहेत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर, जास्त नाही. मग पँटच्या खिशातून पेन आणि डिझेलच्या नोंदीची छोटी वही काढली, ती उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "इथे सही करा, ताई."

मी सही केली. डिझेलच्या वहीत, 'चाळीस लिटर' या शब्दांखाली. ह्यांनी वही मिटली, मॅडमना मान लवून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

मॅडमनी दोन्ही कागद सावकाश वाचले, तारखा ताडून बघितल्या, फॉर्म भरायला घेतला. लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, "एक सांगू का? रागावू नका. खानावळ काढताय तुम्ही. माणूस धावत दारात आला, घाईत शर्टसुद्धा उलटा घातलेला. पाणी तरी विचारायचं होतं त्याला."

मला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. रस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलवाल्यांना मी दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ते निदान परके होते.

"मॅडम," मी म्हटलं, "तो कुरियरवाला नाही. माझा नवरा आहे."

मॅडमचं पेन थांबलं.

"झुरळ चालवतो तो. म्हणजे गाडी आहे जाहिरातीची, वर मोठं झुरळ आहे, उताणं. ती गाडी रोज रात्री या दारासमोर उभी राहणार आहे. मी लपवत होते. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फॉर्म उलटा केला, मागची बाजू वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं, आटोपला कारभार.

"दारातल्या वाहनाला यात रकाना नाही," त्या म्हणाल्या. "ती पावडर स्वयंपाकघरात ठेवता का?"

"नाही. कधीच नाही."

"मग झालं." त्यांनी सही केली, शिक्का मारला. उठता उठता विचारलं, "पाय हलतात का हो त्याचे? मग मेलं कुठे अजून?" आणि स्वतःच्या विनोदावर खुदकन हसल्या.

दोन महिने मी झोपले नव्हते. दोन महिने! एका रकान्यासाठी, जो फॉर्मात नव्हताच. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. मॅडम वळणाआड होताच मी माठातलं पाणी मोठ्या ग्लासात ओतलं आणि तशीच निघाले. पदरावर सांडत, लोकांना चुकवत, तीन गल्ल्या. शेजारीण गॅलरीतून ओरडली, काय झालं गं? मी उत्तर दिलं नाही.

शाळेच्या भिंतीलगत गाडी उभी होती. हे केबिनमध्ये बसून फोनवर बोलत होते. "हो साहेब. निघतोच साहेब. बाजार सोडला, चूक झाली साहेब." मला बघून फोन ठेवला.

"मिळालं का?" ह्यांनी विचारलं.

"मिळालं."

"अरे वा," हे म्हणाले, आणि चेहरा असा फुलला की माझ्याने बघवेना. मी ग्लास पुढे केला. अर्धं पाणी सांडलं होतं. उरलेलं ह्यांनी एका दमात संपवलं.

"मी असं कसं बोलले हो?"

"अगं, घाईत सुचतं ते बोलतो माणूस. कुरियरवाला बरं सुचलं तुला. मला तर काहीच सुचलं नसतं."

आणि मला इतका संताप आला. ह्यांचा, माझा, सगळ्याचाच. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, "एकदा तरी रागवा हो! त्या सुपरवायझरवर नाही, हॉटेलवाल्यांवर नाही, निदान माझ्यावर तरी रागवा!"

ह्यांनी ग्लास पालथा करून त्यातला शेवटचा थेंब बाहेर झटकला. मग समोरच्या काचेकडे बघत, आवाज न चढवता म्हणाले, "लोक म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही. खरंच नाही वाटत. पण तू म्हणालीस ना, त्याचं वाटलं."

बस, एवढंच. चौदा वर्षांत ह्यांनी केलेली ही पहिली तक्रार. मी रडले. ह्यांनी मला थांबवलं नाही, आणि ते बरंच केलं.

थोड्या वेळाने मी दुसऱ्या बाजूने वर चढले. सीटवरचा तो फायबरचा पाय मागे ढकलला आणि बसले.

"घराकडे घ्या," मी म्हटलं.

"आत्ता? बाजारात जायला हवं, साहेब..."

"साहेबांना मी बघते. घरी चला, जेवून जा. आणि गाडी पाटीखाली लावायची, अगदी दारात."

ह्यांनी किल्लीला हात लावला.

"थांबा," मी म्हटलं. "आधी तो शर्ट सुलट घाला."